कोशावा वाऱ्यात चौदा किलोमीटर

ग्लिशा वाऱ्यानेच मरणार, हे आमच्या रितोवो गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो स्वतःच ते रोज सांगायचा. कुणाच्याही घरात शिरला की आधी खिडकी बघायचा, मग दार, आणि दोन्ही उघडी दिसली तर यजमानाला नमस्कार करायच्या आधी त्यातलं एक लावून घ्यायचा. दोन उघड्या जागांमधून जी झुळूक वाहते तिने मान धरते, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं गारठतात आणि जावई बिघडतात, असं त्याचं ठाम मत. जावयांचं सोडलं तर बाकीचं आम्ही सगळेच मानतो, त्यामुळे त्याला त्यावरून कुणी हसत नसे. हसायचे ते दुसऱ्याच गोष्टीला. हाच माणूस नोव्हेंबरात कोशावा सुटलेला असताना उघड्या माळावरून सायकल हाणायचा.

गावातलं औषधाचं दुकान माझं. त्याच्या मानेला लावायचं मलम पस्तीस वर्षं मीच दिलं, तेव्हा विचारायचा हक्क मला होता.

"बाहेरचा वारा मर्द असतो," तो म्हणाला. "समोरून येतो, सांगून येतो. घरातला वारा चोर. मागून येऊन मान पकडतो."

धंद्याने तो रजया शिवणारा. आसपासच्या दहा गावांना ऊब त्याने पुरवली आणि स्वतः मात्र कोटाच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालून फिरला. "लोकर गिऱ्हाइकाची, कागद आपला," असं म्हणायचा. रविवारचा अंक त्याला विशेष आवडे, कारण त्याला पानं जास्त.

आता भांडणाचं सांगतो. पेस्कारा गावचा सावा हा ग्लिशाचा कुम, म्हणजे त्याच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला. आमच्यात भाऊ भांडला तर चालतं, कुम भांडून चालत नाही. सावा गिरणीवरून निवृत्त झालेला, उंच, शांत, आणि ग्लिशाइतकाच हटवादी, फक्त आवाज न करता. त्याच्या घराण्याचा स्लावा एकवीस नोव्हेंबरला, देवदूत मिखाएलच्या दिवशी. घराण्याच्या संताच्या त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरतं. त्या वर्षीही भरलं होतं, वीस माणसं, त्यातली अठरा सिगारेट ओढणारी. धूर झाला म्हणून सावाने खिडकी उघडली. ग्लिशाची पाठ नेमकी खिडकीकडे, आणि समोर स्वयंपाकघराचं दार सताड उघडं.

"कुम, खिडकी लाव."

"लावतो. धूर जाऊ दे."

"धूर जाईल तोवर मी जाईन."

"मग जा बाबा, दोघं मिळून जा," सावा हसत म्हणाला, आणि लोकही हसले. ग्लिशाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. टोपी उचलून तो म्हणाला, "ती खिडकी आहे तोवर या घरात पाऊल टाकणार नाही." सावाचं हसू गेलं. "नको टाकूस," तो म्हणाला.

झालं. वर्षभर दोघं बोलले नाहीत. बाजारात समोर आले की एकजण कांदे बघायचा आणि दुसरा बटाटे.

पण स्लावाचा नियम असा की त्याला कुणी कुणाला बोलावत नाही. एकदा आलास की जन्मभर यायचं. आला नाहीस तर घरात मयत तरी हवी किंवा तू अंथरुणावर तरी. दोन्ही नसताना जो येत नाही तो नातं तोडून टाकतो, आणि तोडलेलं मग कुणी सांधत नाही. म्हणजे गेला नाही तर ग्लिशाचा कुम गेला, आणि गेला तर नाक कापलं. सावाची तीच गत. "ये" म्हणावं तर बोलावणं होतं, आणि बोलावलं म्हणजे कुम परका झाला. मी दर आठवड्याला पेस्काराला औषधं पोचवायला जायचो. हा विचारायचा, "तो काही म्हणाला का?" आणि लगेच, "मी विचारलं असं सांगू नकोस." तिकडे तोही शब्दन् शब्द तेच. सत्तरी गाठलेली दोन माणसं! एकेकदा वाटायचं, दोघांना एकाच पोत्यात घालून कालव्यात बुडवून काढावं.

एकवीस तारखेला सकाळी लख्ख ऊन पडलं. ग्लिशाने सायकल काढली आणि मागच्या कॅरिअरवर मेणकापडात गुंडाळलेली एक रजई बांधली.

त्याची बायको देसांका अंगणात उभी होती. "कुठं निघालास?"

"पेस्काराला. एका गिऱ्हाइकाची रजई द्यायची आहे."

"आज?"

"गिऱ्हाईक गारठलंय."

"आणि आतला हा चांगला सदरा गिऱ्हाइकासाठीच का?" देसांका म्हणाली. "अरे माणसा, बसने जा. गुडघ्यात आभाळ आलंय माझ्या. दुपारी वारा सुटणार."

ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची खोड तिला माहीत होती. बसने गेला असता तर साऱ्या बसला कळलं असतं की ग्लिशा नमला. सायकलवर रजई बांधून निघालेला माणूस कामाला निघालेला असतो. शिवाय बसमध्ये कुणीतरी खिडकी उघडतंच.

तो नऊला निघाला. अंगात सदरा, वर्तमानपत्र, दोन स्वेटर, कोट, आणि देसांकाच्या धाकाने वर बंडी. पुढचं मी त्याच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की रस्ता मला पाठ आहे. तिसऱ्या किलोमीटरला घामाने निथळला, म्हणून बंडी आणि कोट काढून रजईवर बांधले. ते बांधून होतात तोच कालव्यावरून धुकं आलं आणि ऊन गेलं. कोट परत चढवला. धुकं विरलं, पुन्हा घाम. कोट काढला, पावसाची भुरभुर सुरू झाली. "मी काढायचं आणि त्याने घालायला लावायचं," तो म्हणायचा. त्याच सुमारास आमची बस त्याच्या शेजारून गेली. मी काचेतून हात केला. एक हात बाहीत आणि एक बाहेर अशा अवस्थेत उभं राहून तो आभाळाची पाहणी करू लागला, जणू आभाळ त्याला विकत घ्यायचं होतं.

मग कोशावा सुटला. आग्नेयेकडून येतो तो, आणि पेस्काराही नेमकं आग्नेयेला. सातव्या किलोमीटरला वारा, आठव्याला वाऱ्यात गारेचे बारीक खडे. वाकून पायडल मारावं तर सायकल जागची हलेना, आणि मागची रजई शिडासारखी फुगून त्याला उलटा रितोवोला न्यायला निघाली. दोनदा तो खड्ड्यात गेला. पहिल्या वेळी वाऱ्याला शिव्या दिल्या, दुसऱ्या वेळी सावाला. शेवटी डांबरी रस्ता सोडून कालव्याच्या बांधाखाली उतरला, तिथे वारा जरा डोक्यावरून जातो. तिथून चिखलात सायकल ढकलत उरलेली वाट चालला. परत फिरावं असं वाटलं नाही का, असं मी विचारलं होतं. "फिरलो असतो तर वारा पाठीला लागला असता," तो म्हणाला. "मान धरली असती."

इकडे पेस्काराला आम्ही पाहुणे जमलो होतो. पाद्री येऊन पाव कापून, वाईन शिंपडून गेले. उंच मेणबत्ती जळत होती. सावा दर पाच मिनिटांनी "धूर झाला" म्हणून रस्त्याकडची खिडकी उघडायचा आणि बाहेर बघायचा. तोवर कुणी सिगारेट पेटवलीही नव्हती. ग्लिशा दरवर्षी बाराच्या ठोक्याला यायचा. साडेबारा झाले. वारा कौलं वाजवू लागला. एक वाजला.

"वाईन आणतो तळघरातून," सावा म्हणाला आणि गेला.

पाव तास झाला तरी आला नाही म्हणून त्याची बायको स्ताना तळघरात गेली. वाईन होती, सावा नव्हता. पडवीतली सायकलही नव्हती. स्लावाच्या दिवशी यजमान घर सोडून गेल्याचं आमच्याकडे कुणी कधी ऐकलेलं नाही. त्या दिवशी यजमान बसत नाही. मेणबत्ती जळतेय तोवर उभं राहून पाहुण्यांचे पेले भरतो, आणि त्याने पहिला पेला उचलल्याशिवाय कुणी घास घेत नाही. सूप चुलीवर, माणसं टेबलाशी, आणि कुणाला कुणाकडे बघवेना. सावाच्या हृदयाने दोन वर्षांपूर्वी एकदा दगा दिला होता. त्याच्या औषधाचे थेंब माझ्याच दुकानातून जायचे.

दोन वाजून गेल्यावर मागच्या परसातून ग्लिशा आला. भुवयांवर बर्फ, गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी कधीच उडालेली. दारात उभा राहून त्याने श्वास घेतला. चौदा किलोमीटर घोकलेलं वाक्य त्याने म्हटलं, "स्लावा सुखाचा होवो, यजमान." मग सगळीकडे बघितलं. ते वाक्य घ्यायला यजमानच नव्हता.

"तुला शोधायला गेलाय," स्ताना म्हणाली. "डांबरी रस्त्याने. दुसरं कुठं जाणार आहे ते गाढव?"

"या वाऱ्यात?"

"तू कशात आलास?"

ग्लिशा वळून पुन्हा सायकलकडे निघाला. मी त्याची बाही धरली. त्याचे हात निळे पडले होते आणि बोटं मिटत नव्हती.

"सोड. त्याचं हृदय..."

"तुझं ठीक आहे वाटतं?" मी ओरडलो. "दोघांना शोधायला मग आम्ही निघायचं का?"

स्ताना रडत नव्हती, पण सुरात बदल झाला होता. "ग्लिशा, तू कुम आहेस. हे घर यजमानाशिवाय ठेवू नकोस. उभा राहा."

तो उभा राहिला. तिने त्याचा कोट उतरवला, छातीवरचा वर्तमानपत्राचा लगदा सोलून काढला. सदऱ्यावर बातम्या उलट्या उमटल्या होत्या. रजई कुणाची म्हणून तिने विचारलं. "गिऱ्हाइकाची." "नाव?" "आत्ता आठवत नाही," तो म्हणाला. तिने ती चुलीशेजारी वाळत टाकली. तो सावाच्या जागी उभा राहिला आणि सगळ्यांचे पेले भरले. निम्मी राकिया, आमची फळांची दारू, टेबलावर सांडली. जेवताना धूर फार झाला तेव्हा कुणीतरी न कळून खिडकी उघडली. वारा थेट त्याच्या मानेवर आला. ग्लिशाने मागे बघितलं, रस्ता दिसतो का ते पाहिलं, आणि खिडकी तशीच राहू दिली. तेव्हा मला कळलं की हा माणूस किती घाबरलाय.

वाऱ्याने तासाभरापासून बंद पाडलेला फोन सव्वातीनला वाजला. देसांकाचा आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"स्ताना, माझा तिकडे पोचला का?"

"पोचला."

"तुझा इकडे आहे. माझ्या स्वयंपाकघरात. पाय बादलीत घालून बसलाय."

ग्लिशाने फोन हिसकावला. "त्याला खिडकीशी बसवू नकोस! चुलीशी बसव. आणि मागचं दार लाव!"

"लावलंय रे."

"थेंब घेतले का त्याने? इकडे कशाला कडमडला म्हणावं?"

पलीकडे कुजबुज झाली. "तो म्हणतो," देसांका म्हणाली, "रजईची ऑर्डर द्यायला आलोय. हिवाळा जवळ आलाय म्हणे."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. स्वतःच्या स्लावाच्या दिवशी, भरलेलं घर सोडून, रजईची ऑर्डर! वारा पाठीशी असल्यामुळे सावा पाऊण तासात रितोवोत जाऊन पडला होता, अक्षरशः, देसांकाच्या फाटकावर.

माझ्या पुतण्याने ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये बसवून त्याला परत आणलं तेव्हा अंधारून आलं होतं. सावा स्वतःच्या घराच्या दारात उभा राहिला, ग्लिशाचा घरी राहिलेला दुसरा कोट आणि ग्लिशाची जुनी टोपी घालून. समोर ग्लिशा हातात वाईनचा जग घेऊन उभा. मला वाटलं, आता यांनी एक शब्द वाकडा काढला तर मी दोघांना मारीन.

"घे," ग्लिशा जग पुढे करून म्हणाला. "तुझी जागा."

सावाने हात पुढे केला, मग मागे घेतला. "पाय धरत नाहीत," तो म्हणाला. "तूच उभा राहा." आणि बाकाच्या टोकाला, पाहुण्यांच्या रांगेत, बसला.

स्तानाने त्याच्यापुढे सूप ठेवलं. दोन्ही हातांत वाटी धरून तो बराच वेळ प्यायला. डोळे पुसले, वाफेचं निमित्त करून.

"चाळीस वर्षं या दिवशी सगळ्यांची जेवणं झाल्यावर गार सूप प्यायलोय," तो म्हणाला. "माझ्या घरचं सूप इतकं चांगलं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही."

ग्लिशाने त्याची वाटी पुन्हा भरली. बाहेर कोशावा अजून कौलं उचकटत होता. सावा वाटी संपवून उठू लागला, कदाचित मेणबत्तीकडे जायला, कदाचित नुसता सवयीने. ग्लिशाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि भांडण मिटलं आहे की नाही याची चौकशी न करता, घरच्या माणसाने पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाला, "या वाऱ्यात आता कुठं निघालास, कुम? आज इथंच झोप."