न नेलेला राखाडी स्वेटर

आमच्या सासूबाईंचं असं आहे, की देव जरी खाली उतरून आपला कोट मागू लागला तरी त्या आधी पावती मागतील. तेवीस वर्षं त्या लाँड्री चालवतायत. लग्न झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, मी त्यांच्या हाताखाली आहे आणि बोलणी खातेय.

दुकानाचे नियम दोनच. पावतीशिवाय कपडा हलवायचा नाही. आणि कपडा धुवायला टाकण्याआधी खिशात जे लागेल ते न बघता पाकिटात सरकवायचं, पाकीट चिकटवायचं, वर कपड्याचाच नंबर घालायचा. ते पाकीट फक्त मालकाच्या हातात. एकदा एक बाई नवऱ्याच्या कोटाच्या नंबरचं पाकीट मागायला आल्या आणि तासभर रडल्या. सासूबाईंनी त्यांना दोन वेळा चहा पाजला, पाकीट काही दिलं नाही.

गेल्या महिन्यात सासूबाईंच्या छातीतली गाठ काढली. सोमवारी पहिली केमो होती. मी एकटी जाईन, तू दुकान बघ, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. माझ्या नवऱ्याने रजा टाकायचं काढलं, तर त्याला असं झापलं की तो आठवडाभर तोंड उघडेना.

पण बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. इस्त्री झालेले शर्ट त्या पुन्हा इस्त्रीला घेत. हातातलं काम सोडून मान वर करत आणि विचारत, "घंटी वाजली का?" आमच्या दाराला घंटी आहे, गिऱ्हाईक आलं की वाजते. मी म्हणायचे, नाही वाजली. त्या तरी काचेकडे बघत राहायच्या. दिवसातून दहादा हे चाललं, तसं मलाही ती वाजल्यासारखी वाटायला लागली. खोटं कशाला बोलू, मला मागच्या खोलीत एकटीने जायची भीती वाटू लागली.

कारण मागच्या खोलीत न नेलेल्या कपड्यांचा दांडा आहे, आणि त्याच्या टोकाला थोरलीचा पुढून बटणांचा राखाडी स्वेटर. थोरली म्हणजे सासूबाईंची मोठी बहीण. तिलाही हाच आजार झाला होता. केमोला जायला ती तयार नव्हती. सासूबाईंनीच तिला समजावून, रागावून पाठवलं. सहा वेळा ती गेली, दर वेळी संध्याकाळी हाताला सुईच्या जागी कापूस-पट्टी लावून दुकानावर आली, आणि पुढे काही महिन्यांत संपली. तिने धुवायला टाकलेला स्वेटर अकरा वर्षं तसाच लटकतोय. पावती तिच्याबरोबर गेली.

गुरुवारी पडद्यांच्या घड्या घालताना सासूबाई एकदम म्हणाल्या, "मला औषधाची भीती नाही वाटत गं. थोरलीची वाटते. जा, काही होत नाही, असं मी म्हणाले होते तिला. आता ती मला तेच म्हणायला येणार." मी घडी चुकवली आणि त्या रागावल्यासुद्धा नाहीत.

शनिवारी दवाखान्यातून फोन आला. तिथल्या नर्सने सांगितलं, खोलीत गार असतं, पुढून उघडणारं काहीतरी गरम घालून या. माझंही डोकं फिरलेलं होतं. मी मागे गेले, दांड्यावरून तो स्वेटर ओढून काढला आणि त्यांच्यापुढे टेबलावर टाकला. म्हटलं, हा घाला आणि एकदाचं संपवा.

त्यांचा चेहरा उतरला. "पावती?" त्या म्हणाल्या.

मी स्वेटर तिथेच राहू दिला. मग त्यांनी विचारलं, पाकीट असेल ना याचं? न नेलेल्या पाकिटांच्या खोक्यात होतं. वरचा नंबर त्यांच्याच अक्षरात होता. त्यांनीच ते तेव्हा भरलं होतं, नियमाप्रमाणे आत न बघता.

त्यांनी कड फाडली. आतून दवाखान्याचं कार्ड निघालं. सहा चौकोन, सहा तारखा. पहिल्या दोनांवर शिक्का होता. पुढचे चार कोरे होते.

सासूबाईंनी कार्ड पालथं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. मग पाकीट झटकलं. कापसाचा बोळा आणि चिकटपट्टीची अर्धी संपलेली गुंडाळी टेबलावर पडली. काय झालं असेल ते आम्हा दोघींना एकदमच कळलं. दोनदा जाऊन आल्यावर ती पुन्हा आत गेलीच नव्हती. कुठेतरी बाकावर दिवस काढायचा, संध्याकाळी आपल्या हाताने पट्टी चिकटवायची आणि धाकटीला दाखवायला यायचं.

"मी जपून काढायचे ती पट्टी," सासूबाई म्हणाल्या. "दुखेल म्हणून." त्यांनी गुंडाळी उचलली. "सहाही वेळा मी इथेच होते. दुकान कोण बघणार म्हणून."

त्या रडल्या नाहीत. मला मात्र रडू आवरेना, आणि त्यांनी मला स्वेटरवर पाणी पडेल म्हणून बाजूला व्हायला सांगितलं. मग स्वेटर अंगात घातला. बाह्या आखूड झाल्या. पावतीपुस्तकात तो नंबर शोधून त्यांनी त्यापुढे 'नेला' असं लिहिलं आणि स्वतःची सही केली.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा दारावर पाटी लागली, सोमवारी दुकान बंद. लावताना त्यांनी पुन्हा मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आई, वाजली नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे.

मग ती चिकटपट्टीची गुंडाळी त्यांनी माझ्या हातात कोंबली.

"तू आत ये, अगदी केमोच्या खुर्चीपर्यंत," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला पट्टी दिसली, तर ती कुणी लावली ते तुला माहीत असलं पाहिजे."