न पाठवलेला फॉर्म

नवं राज्य झालं तेव्हा माझी बदली भोपाळहून रायपूरला झाली. मंत्रालय त्या वेळी जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं, माझं टेबल एका वॉर्डात होतं. घर मात्र आमचंच, ब्राह्मणपारा या जुन्या मोहल्ल्यातलं. तिथं माझ्या मुलीनं कपाटाच्या दारावर आतून अंतराळवीरांची चित्रं चिकटवली होती. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी शाळेत होतो, हे कळल्यावर तिनं विचारलं, तो दिवस कसा होता? मला काही आठवेना.

"बाबा, इतनी बड़ी बात भूल गए?" ती हसली. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असंच चालायचं घरात.

ती बारावीत असताना, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर दिसलं की परतीच्या वाटेवरचं यान आकाशातच तुटलं. निळ्या आकाशात एक पांढरी रेघ, मग तिच्या दोन, मग कितीतरी. आत सात जण होते. त्यातली एक बाई आपल्या देशात जन्मलेली, तिचं चित्र कपाटावर सगळ्यांत वर होतं. मुलगी जेवली नाही.

बायको म्हणाली, "अजी, पोट्टी रडून राहिली. तुम्ही काहून गप्प बसले?"

त्या रेघांमध्ये मला माझी पोर दिसत होती.

सोमवारी सकाळी तिनं माझ्यापुढे लिफाफा धरला. दक्षिणेतल्या एका कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म होता. विमानं-रॉकेटं बनवायचं शिक्षण तिथं मिळायचं.

"अजून जायचं आहे तुले?"

"वो लोग भी फिर जाएँगे, बाबा. आज ही रजिस्ट्री कर देना. दस दिन में पहुँचना चाहिए."

मी मोठ्या पोस्टात गेलो, रांगेत उभा राहिलो. पुढं दोनच माणसं उरली तेव्हा रांगेतून बाहेर पडलो आणि स्कूटर चालू केली. ऑफिसात येऊन लिफाफा कपाटात जुन्या फायलींखाली ठेवला. उद्या टाकू, असं स्वतःला सांगितलं. दहा दिवस रोज तेच सांगितलं.

"कर दी रजिस्ट्री?" तिनं त्या संध्याकाळी विचारलं.

"हव," मी म्हणालो.

मार्च गेला. प्रवेशपत्र येईना. पोस्टमनची सायकल वाजली की ती दारात. एप्रिलमध्ये स्वतःच पोस्टात चौकशीला गेली, तर तिथल्या माणसानं रजिस्ट्रीची पावती मागितली. घरी येऊन तिनं ती माझ्याकडे मागितली. मी पाकीट चाचपलं, ड्रॉवर उपसले. बायकोनं बिचारीनं गाद्या उचलून पाहिल्या. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

परीक्षेची तारीख उलटल्यावर तिनं चित्रं काढून टाकली. रायपुरातच बी.एस्सी. केलं, लग्न होऊन भिलाईला गेली. आता एका शाळेत गणित शिकवते. आमचं ऑफिस नव्या रायपूरला हललं तेव्हा तो लिफाफा पुन्हा हाती आला. मी न उघडताच फाडला.

आपला एक माणूस अंतराळ स्थानकावर पोचला, त्या आठवड्यात ती माहेरी आली होती. यान स्थानकाला कसं जोडतात, हे ती आईला टीव्हीपुढं बसून समजावत होती. बोलता बोलता तिचा आवाज बारावीतल्यासारखा चढला. मला ते सोसेना.

"तुझा फॉर्म मी टाकलाच नव्हता," मी म्हणालो.

तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. मग मराठीत बोलली, "मले वाटायचं, मीच काही चुकीचं भरलं. कोणता रकाना सुटला, सही राहिली का. बावीस वर्षं तेच आठवून राहिली मी."

"मी भ्यायलो होतो, बाई."

"आणि आज काहून सांगितलं?"

माझं ओझं उतरावं म्हणून. हे मला तिथं बसल्या बसल्याच कळलं, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. बायको माझ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होती.

चार दिवस राहायला आलेली मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. निघताना पाया पडली, नेहमीसारखी. रविवारी तिचा फोन येतो, आईशी बोलते. माझी तब्येतही आईलाच विचारते. आता आपली माणसं आपल्याच यानातून जाणार, असं पेपरात येत असतं. मी वाचतो. मग पेपर घडी घालून ठेवून देतो.