कानसेनांची बायको

गाड्यांची दुखणी नुसती ऐकून सांगायचे म्हणून मेस्त्रींना सगळा बाजार ‘कानसेन’ म्हणायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, की झालं निदान! माणूस भला, पण या कानांचा तोरा भारी. आणि घरात? बायकोनं काही विचारलं तर हूं नाही की चूं नाही.

ती काही आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हे. आधी तिनं कुरकुर करून पाहिली, मग अबोला धरला. साहेबांनी ‘का गं?’ म्हणूनसुद्धा विचारलं नाही, तेव्हा तिनं हात टेकले. आपण या माणसाला नकोशा झालोय, एवढंच तिला त्यातून कळलं. लेकीशी बोलून तिनं ठरवलं, तिच्याकडे राहायला जायचं, कायमचं. आणि हे गॅरेजात जाऊनच सांगायचं. घरी सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

ती पोचली तेव्हा मेस्त्री एका जुन्या, फ्युएल-इंजेक्शनवाल्या गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत घुसले होते. गाडी नर्सबाईंची. सिग्नलला उभी राहिली की थडथडायची, मध्येच बंद पडायची. मेस्त्रींनी प्लग बदलले, कॉइल बदलली, इंजेक्टर साफ केले. गाडी आपली थडथडतेच आहे. खरं तर अशा वेळी गाडी कुठून बाहेरची हवा खेचतेय का, ते नळ्यांवर क्लीनरचा फवारा मारून बघतात. पण फवारे मारायचे ते दुसऱ्यांनी! हवेची शीळ कानसेनांना लांबूनच ऐकू येते. आज आली नाही, म्हणजे हवा खेचत नाही. संपला विषय.

इंजिन चालू होतं. ती त्यांच्या पाठीमागे उभी राहिली आणि मन घट्ट करून म्हणाली, “मी लेकीकडे जातेय. परत येणार नाही.”

पाठ हललीसुद्धा नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सांगितलं तरी वळून बघायला होत नाही? ती तशीच निघाली असती, पण इंजिनातली एक बारीक सुंऽऽ तिच्या डोक्यात जायला लागली होती. तिनं त्यांचा खांदा हलवला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली,

“अहो, आधी ते सुंऽऽ बंद करा! कुकरची रिंग गेल्यासारखं वाजतंय.”

मेस्त्री दचकून वळले. “कसलं सुं? काहीतरीच तुझं. काही वाजत नाहीये.”

“बहिरे आहात का?” म्हणत ती वाकली आणि मागच्या बाजूच्या एका रबरी नळीच्या वळणावर तिनं बोट दाबलं. थडथड थांबली. बोट काढलं, पुन्हा सुरू. नळीला केसाएवढी चीर गेली होती.

मेस्त्रींनी स्वतः बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. कान नळीला जवळजवळ चिकटवला. मग सरळ उभे राहिले, ते पांढरेफटक पडले होते. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की हाडातून येणारी इंजिनाची टिकटिक अजून ऐकू येत होती, म्हणून आपले कान गेलेत हे त्यांना कळलंच नव्हतं.

त्यांनी इंजिन बंद केलं.

“म्हणजे,” ते म्हणाले, “तू घरी बोलायचीस?”

“म्हणजे काय!”

“मला वाटलं, तू बोलणंच सोडलंयस. रुसली असशील कशावर तरी. विचारायची भीती वाटायची. आणि आत्ता? आत्ता काही म्हणालीस?”

तिला ते गिळून टाकता आलं असतं. ‘जेवायला चला म्हणत होते’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण साठलं होतं फार. ती ओरडली, इतकी ओरडली की समोरचा टायरवाला दारात येऊन बघायला लागला. “तुम्हाला मी नकोय असं वाटलं, म्हणून घर सोडून चालले होते!” आणि तिला रडू फुटलं.

मेस्त्रींनी शब्द न् शब्द ऐकला. ग्रीसनं माखलेले हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

“ही नळी बदलतो, गाडी नर्सबाईंना देतो आणि घरी येतो,” ते म्हणाले. “तू माझ्यासमोर बस आणि असंच ओरडून, पहिल्यापासून सांग. माझं काय काय ऐकायचं राहिलंय, ते सगळं.”