नाल्यापलीकडची विहीर

आमचा भटू हुशार. इतका हुशार, की साध्या गोष्टीचा गुंता करावा तर त्यानेच. लहानपणी आईने पाणी आणायला सांगितलं की हा विचारणार, पाणी जमिनीत येतं कुठून? आई म्हणायची, "आधी आण मेल्या, मग विचार!" धुळ्याला एम. एस्सी. झाला, शिरपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागला, तरी सवय तीच. मी त्याची थोरली बहीण, प्रमिला. मला तो अक्का म्हणतो आणि माझंच डोकं खातो.

एकोणनव्वदच्या दिवाळीत मी बाळंतपणाला माहेरी, आई-आबांकडे होते. मला दूध कमी, म्हणून आई पोरीला गाईच्या दुधात पाणी घालून पाजायची. पुढे पोरीचे ओठ निळसर दिसायला लागले. कोणी म्हणालं थंडी, कोणी म्हणालं नजर. शिरपूरच्या डॉक्टरांनी मात्र भटूला एकच विचारलं, "पाणी कुठलं देता?"

झालं! भटूने गावविहिरीचं पाणी बाटलीत भरून कॉलेजात नेलं, आणि परत आला तो तोंड पाडूनच. पाण्यात नायट्रेट म्हणून काहीतरी भरपूर होतं, लहान लेकरांना वाईट. "अक्का, हे आपल्या केळीचं आहे. आबा आणि बाकीचे बागेत युरिया ओततात ना, तो झिरपून विहिरीत येतो." आई बिचारी पाणी उकळून उकळून पाजत होती. भटू म्हणाला, "उकळून उलट वाढतं." आईला वाटलं तो तिलाच बोलतोय.

मग त्याने शिवारातल्या सगळ्या विहिरी तपासल्या. चांगली एकच निघाली, नाल्यापलीकडची, बौद्धवाड्याची. गावविहिरीवर त्यांना कोणी भरू देत नसे, म्हणून सरकारी योजनेतून त्यांनी मुरमाड चढावर आपली वेगळी खोदून घेतली होती. तिकडे कोणाची केळी नाही, की युरिया नाही. "त्यांना बागा नाहीत म्हणून पाणी चांगलं," असं म्हणून भटू खुळ्यासारखा हसला. यात हसण्यासारखं काय होतं, मला कळेना.

सायकलला कॅन अडकवून तो तिकडे गेला. विहिरीवर धुरपदाबाई होती. ती आमच्याच बागेत निंदणीला यायची. तिने प्यायला मागितलं की आई तिच्या भांड्यात वरून धार सोडायची, तांब्या भांड्याला लागू द्यायची नाही. पण धुरपदाबाईने एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. "पोरगीसाठे शे ना? रोज लई जाय भाऊ." म्हणजे, रोज घेऊन जा. पाणी कुठलं ते आईला ठाऊक होतं. नातीकडे बघून तिने तेच पाणी दुधात घातलं. हळूहळू पोरीचे ओठ गुलाबी झाले, आणि मी ढसाढसा रडले, खरंच सांगते.

पण भटूची सायकल रोज नाल्यापलीकडे जाते, हे कळलं नाही तर ते गाव कसलं! बाळंतिणी विचारायला लागल्या, त्यांच्या सासवा विचारायला लागल्या. आबा म्हणाले, "बठ्ठा गाव इचारस, काय ते सांगी टाक." भटू मात्र माझ्यापुढे येऊन बसला. "अक्का, सांगितलं तर गाव त्या विहिरीवर तुटून पडेल. नाही सांगितलं तर लेकरं आजारी पडतील. काय करू?"

मांडीवरच्या पोरीला थोपटत मी ओरडले, "यात विचार कसला करतोस? सांग!" मग माझ्या मनात आलं, धुरपदाबाईचं काय? तोवर तो चपला घालून गेलासुद्धा.

चावडीवर त्याने सगळं नीट सांगितलं. युरिया कमी करा, असंही सांगितलं. ते कोणी कानावर घेतलं नाही. सरपंच रुपचंदनाना उठून म्हणाले, "विहीर सरकारी, म्हणजे गावाची." बघता बघता तिथे मोटर बसली, पाइप थेट गावाच्या टाकीत, आणि टाकीचे नळ फक्त गावात. दुपारी विहिरीचा तळ दिसायला लागला. वस्तीतल्या बाया भांडायला आल्या, तेव्हा नाना कसे गोड बोलले! "बिघडलं काय? आजपासून गावविहीर तुम्हाला खुली. आपल्यात भेदभाव नाही." सव्वीस जानेवारीला त्याबद्दल नानांचा सत्कार झाला. हार घातला, बाई, हार! भटूलाही नारळ मिळाला. तो नारळ त्याने फोडला नाही, कितीतरी दिवस कोनाड्यात तसाच होता.

विहिरीची तक्रार घेऊन भटू धुळ्याला कचेरीत चकरा मारून आला. साहेब म्हणाले, "सगळ्यांना पाणी मिळतंय, मग तक्रार कशाची?" घरी येऊन भटू म्हणाला, "अक्का, माझा आकडा चुकला नाही. लेकरं बरी झाली. गावविहीरही खुली झाली, तीसुद्धा न्यायाचीच गोष्ट ना? मग मी चोरी केल्यासारखं का वाटतंय?" माझी पोर त्याच पाण्यावर बाळसं धरत होती. मला नानांचा राग यायचा, मग भटूचा, मग माझाच.

होळीच्या आधी, मी सासरी निघायच्या तयारीत असताना, धुरपदाबाई मागच्या दारी आली. हातात कळशी. तिची सून बाळंत झाली होती, तापाने फणफणलेली, अंगावर दूध नाही. "भटूभाऊ," ती म्हणाली, "पोर्‍याले कोनतं पानी पाजू?"

भटू आत जाऊन म्हणाला, "आई, टाकीचं पाणी दे त्यांना."

आई तांब्या भरून बाहेर आली. धुरपदाबाईने आधी पाण्याकडे, मग नाल्यापलीकडे बघितलं. "आमनीच हीरनं शे ना हाई?"

"हा वं, तेच शे," आई म्हणाली, आणि रोजच्या सवयीने तांब्या उंच धरून वरून धार सोडली. धुरपदाबाई कळशी इकडे तिकडे सरकवत ती झेलत राहिली. थोडं पाणी ओट्यावर सांडलं.