ऊब वाहून आणणारे मुकुंदजी

मुकुंदजी कुठलंही मशीन उघडण्याआधी त्याला उलट्या हाताने शिवून बघायचे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं. फ्रिज असो की एसी. "पहले हाल पूछो वहिनी, पेचकस बाद में," म्हणायचे. जुन्या इंदूरमध्ये त्यांचं रिपेअरिंगचं छोटंसं दुकान होतं. गेल्या चैत्रात ते गेले. मला मात्र ते आठवतात थंडी पडली की.

सांगते. एका हिवाळ्यात आमच्या ह्यांचा दमा फार वाढला. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून महिनाभर हे खुर्चीतच बसून झोपत होते. डॉक्टर म्हणाले, खोली उबदार ठेवा, पण शेगडी बंद. मुकुंदजींनी मग हीट पंप बसवला. दिसायला आपला एसीच, पण उलटा चालणारा. मी विचारलं, "तार तापत नाही, तर गर्मी बनते कुठे?"

"बनत नाही वहिनी, बाहेरून ढोऊन आणतो. पाइपातला गॅस बाहेरच्या हवेहून थंड, म्हणजे ती हवा त्याला गरमच ना? तिची ऊब घेतो, मशीन त्याला दाबून तापवतं, आत येऊन तो ती सोडतो. हीटर एका युनिटात एकाचीच गर्मी देणार. हा तेवढ्यातच दोन-तीन युनिटांची आणतो."

मला कळलं ते एवढंच, की बाहेरचा डबा मेहनती आहे. दुसऱ्या दिवशी पाहते तर तो गार हवा फेकतोय, अंगावर दव. मला बाई कणव आली. जुनी गोधडी चौफेर गुंडाळली, वर सुतळी बांधली. संध्याकाळपर्यंत खोली गार पडली आणि ह्यांची छाती वाजायला लागली.

फोन केला तसे मुकुंदजी चहा अर्धा सोडून आले. हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. सुतळी सोडत म्हणाले, "माया केलीत हो, पण बिचाऱ्याचं नाक-तोंडच बांधलं. हवाच नाही तर ऊब उचलणार कुठून?"

हे खुर्चीतून म्हणाले, "मलाही ही असंच बांधते." तेव्हा मात्र दोघे हसले, ह्यांना खोकला येईपर्यंत.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर मुकुंदजी फाटकाशी उभे. घंटी वाजवली नव्हती.

"झोपलेत?" हळूच विचारलं.

"हो."

"खुर्चीत?"

"नाही. पलंगावर. आडवे."

त्यांनी अलगद स्कूटर स्टँडवरून काढली. मी चहाचं म्हणेपर्यंत ते निघालेही होते, स्कूटर सुरू न करता, गल्लीच्या टोकापर्यंत हाताने ढकलत.