ताई म्हणाली म्हणून

माझी पाळी त्रेचाळिसाव्या वर्षी गेली. आधी दोनतीन महिने चुकली, एकदा आली, मग बंदच झाली. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "सुटलीस बाई!" सुटले कसली! फोर्टच्या आमच्या विमा ऑफिसात भर एसीत मानेवरून घाम ओघळायचा. समोर माणूस बसलेला असायचा आणि मी फाईलने वारा घेत त्याला हप्ते समजावून सांगायचे. झोप उडाली. नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला तरी नको व्हायचं, आणि तो बिचारा कूस बदलायचा.

परळला आमच्या घराजवळ एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी समोर बसवून नीट सांगितलं. "तुमची पाळी फार लवकर गेलीय. शरीराला अजून काही वर्षं हॉर्मोन मिळायला हवं. नुसत्या घामासाठी नाही, हाडांसाठी, हृदयासाठीसुद्धा. आधी तपासण्या करू, छातीचीही करू. सगळं ठीक असेल तर गोळ्या सुरू करू."

मी म्हटलं, विचारून सांगते.

विचारून म्हणजे ताईला विचारून. आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लालबागच्या चाळीत माझी वेणी घालायची ती, पहिली पाळी आली तेव्हा मला मोरीत नेऊन सगळं समजावलं तेही तिनेच. पुढे ती लग्न होऊन दादरला गेली, शाळेत शिक्षिका झाली, पण माझं कुठलंही दुखणं आधी तिच्या कानावर जायचं. डॉक्टर नंतर.

त्या दिवशी ती कोथिंबीर निवडत होती. मी हॉर्मोनच्या गोळ्यांचं सांगितलं आणि तिचा हात थांबला. चिडली किंवा घाबरली की तिच्या तोंडून एकदम मालवणी यायची.

"खुळी की काय तू? ता इख आसा गो! मावशीचा काय झाला, इसारलंस?"

इख म्हणजे विष; आणि मावशी छातीच्या कॅन्सरने गेली होती.

"पण मग तुला नाही का काही त्रास झाला?" मी विचारलं. तिची पाळी नुकतीच गेली होती, आणि ती तर टवटवीत दिसायची.

"झाला की. सोसला. सगळ्याच बायकांना होतो. तीळ खा, सकाळी पार्कात चालायला जा. आपोआप जातं."

मी तीळ खाल्ले, चालायलाही गेले. डॉक्टरीणबाईंकडे मात्र परत गेले नाही. घाम दोनचार वर्षांत कमी झाला, तेव्हा वाटलं, ताई म्हणाली तेच खरं.

पंचावन्नाव्या वर्षी एका संध्याकाळी परळला बसमधून उतरताना पाय अडखळला. पडले ते साधंच; हात टेकला, बस. पण मनगट मोडलं. तपासणीत कळलं की हाडं पार ठिसूळ झालीत. प्लास्टर होतं तोवर ताई एक दिवसाआड दादरहून यायची, डबा आणायची, माझे केस विंचरायची. विंचरता विंचरता म्हणायची, "लहानपणापासून दुधाचा कंटाळा तुला. कॅल्शियम कुठून येणार?" मला तेही पटायचं.

पुढच्या वर्षी ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. भावोजी औषधं आणायला खाली गेले होते. मी तिच्या खाटेशी बसले होते. भूल देणारी तरुण डॉक्टर आली आणि भराभर विचारू लागली. डायबेटिस? बीपी? कुठलं औषध नेहमीचं चालू आहे?

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे.

"हॉर्मोन घेते," ती म्हणाली. "आधी गोळ्या होत्या. आता जेल आहे, दंडाला लावते."

"किती वर्षं?"

"पाळी गेली तेव्हापासून."

डॉक्टरने मान डोलावली, अजून दोन प्रश्न विचारले आणि गेली. ताईच्या हातातल्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या, तिला आत नेईपर्यंत तिथेच उभी राहिले. ऑपरेशन नीट झालं. पण बाहेरच्या बाकावर बसले असताना ती कोथिंबिरीची दुपार डोळ्यांपुढून हलेना. ज्याला ती विष म्हणाली, ते तेव्हा तिच्या स्वतःच्या पोटात होतं.

ती घरी येऊन हिंडूफिरू लागली, तेव्हा मी दादरला गेले आणि विचारलं.

"तुला काही झालं असतं तर?" ती म्हणाली. "माझ्यापुरता धोका मी घेतला. तुझा कसा घेऊ?"

"मग 'मला कळत नाही, डॉक्टरला विचार' म्हणायचंस. विष कशाला म्हणालीस? आणि सोसला म्हणून खोटं कशाला?"

ती पदराचं टोक चाचपत राहिली. मग म्हणाली, "शाळेत सगळ्या म्हणायच्या, बघा, या वयातही कशी दिसते. यांनाही ठाऊक नव्हतं. मला कोणालाच कळू द्यायचं नव्हतं गं. तुला सांगितलं असतं तर..."

मी चहा न घेता निघाले. जिन्यात माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाने की संतापाने, सांगता येणार नाही.

नंतर मी एका नव्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्या म्हणाल्या, आता सुरू करायला बराच उशीर झाला. फायद्यापेक्षा धोका जास्त. हाडांसाठी वेगळं इंजेक्शन देऊ. मावशीचं विचारलं, तर म्हणाल्या, "एकट्या मावशीमुळे तेव्हा कोणी नाही म्हटलं नसतं. तपासून, लक्ष ठेवून दिलं असतं."

"मग हाड मोडलं नसतं?"

"खात्रीने नाही सांगता येत. पण इतकी झीज बहुतेक झाली नसती."

त्या 'बहुतेक'शी मी अजून भांडते आहे. हाडं माझी झिजली. पण जास्त लागलं ते हे, की जिच्या हातून मी बाई होणं शिकले, तिला माझ्यापेक्षा तिचं टवटवीतपण सांभाळावंसं वाटलं.

ताई अजूनही फोन करते. आम्ही भाच्याच्या नोकरीचं बोलतो, मासळी किती महागली ते बोलतो. सणाला मी तिच्याकडे जाते, ती माझ्याकडे येते. गेल्या महिन्यात माझा गुडघा सुजला, जिना चढवेना. मी सरळ दवाखाना गाठला, औषध सुरू केलं. संध्याकाळी तिचा फोन आला, "कशी आहेस?"

"मजेत," मी म्हणाले.