मनगट गरकन फिरायचं त्या जागी

मी नोकरीला लागले त्याच वर्षी आमच्या कारखान्यात रोबोट आला. तो चालवायला शिकायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणी ते मागितलंच नाही. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. कारखाना कोरेगाव भीमाच्या शिवारात, हायवेपासून थोडा आत. तिथं ट्रॅक्टरच्या केबिनचे सांगाडे वेल्डिंग करून तयार व्हायचे.

रोबोट म्हणजे माणसासारखा पुतळा नव्हता. जमिनीत बोल्टनं आवळून बसवलेला, माणसापेक्षा उंच असा पिवळा लोखंडी हात. त्याला सहा सांधे. पहिले तीन म्हणजे कंबर, खांदा आणि कोपर. पुढचे तीन मिळून मनगट, आणि मनगटाच्या टोकाला वेल्डिंगची टॉर्च. त्याला एक बिंदू दाखवायचा, दुसरा दाखवायचा आणि सांगायचं, इथून तिथं सरळ रेषेत जा. ऐकायला सोपं वाटतं. पण टोक सरळ जायचं तर सहाही सांध्यांना एकाच वेळी फिरावं लागतं, प्रत्येकाला वेगळ्या गतीनं, आणि ती गतीही सारखी बदलत राहते. कॉलेजात हे मी फळ्यावर शिकले होते. पहिल्यांदा डोळ्यांसमोर घडताना पाहिलं त्या दिवशी जेवायची सुट्टी कधी संपली ते मला कळलंच नाही.

आमच्यातले सगळ्यात जाणते वेल्डर दौंडचे होते. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते दौंडला सकाळच्या एसटीत बसायचे, त्याच गाडीत मी न्हावऱ्याला चढायचे, आणि डब्याची पिशवी ठेवून त्यांनी माझी जागा धरलेली असायची.

"म्याडम, तुमच्या घरी मेंढरं हायेत का अजून?" त्यांनी एकदा विचारलं.

"आजोबांपर्यंत होती. आता आप्पा कांदा आणि ऊस करतात."

"आन् तुम्ही हे लोखंडी जनावर वळता," म्हणाले, आणि खिडकीकडे बघून हसत राहिले.

रोबोटचा त्यांना राग नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "त्याला वेल्डिंग येत न्हाई. त्यो फकस्त हात हलवतोय. ते शिकवाय पायजे त्याला."

शिकवता शिकवता आम्ही एका जागी अडलो. सांगाड्याच्या तळाला एक लांब जोड होता. टॉर्च अर्ध्यापर्यंत छान जायची आणि अचानक मनगट गरकन फिरायचं. पडद्यावर लाल अक्षरं यायची आणि हात जागच्या जागी थांबायचा. दरवेळी तेच. मी त्या जागी खडूनं रेघ मारून ठेवली. मशीन विकणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला, तर तो म्हणाला, "तिथले पॉइंट बदलून बघा." बदलले. गिरकी चार बोटं पुढं सरकली, गेली नाही.

आमचे साहेब शांत माणूस. त्यांनी एवढंच सांगितलं, "या आठवड्यात जमलं तर बघा. नाहीतर हा जोड हातानं करू, रोबोटला छोट्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगला लावू."

मला ते लागलं. असला हात ब्रॅकेटवर वाया घालवायचा म्हणजे काय!

सुट्टीच्या दिवशी मी वही घेऊन घराच्या ओट्यावर बसले. प्रत्येक सांध्याचं एक गणित असतं. तो किती अंश फिरला तर पुढचा भाग कुठं जाईल, याचं. अशी सहा गणितं एकात एक गुंफली की हाताचं टोक कुठं आहे ते कळतं. ती उलटी सोडवली की टोक इथं हवं तर सांधे किती फिरवायचे ते कळतं. दुपारपर्यंत आठ पानं भरली. मध्येच मी उठायचे आणि स्वतःचा हात पुढं करून खांद्यातनं, कोपरातनं, मनगटातनं फिरवून बघायचे.

माझे वडील, आप्पा, कांद्याच्या वखारीकडून येत होते. थांबले. "खांदा धरला का गं?"

"नाही आप्पा. तुम्ही पण करून बघा. हात पुढं सरळ करा, एकदम ताठ. आता नुसता खांद्यातनं पिळा. तळवा फिरला ना? आता कोपराच्या पुढनं पिळा."

त्यांनी पिळला. "आत्ता बी तसाच फिरतोय की."

"आता कोपर वाकवा, आणि खांद्यातनं पिळा."

त्यांचा पंजा भलतीकडेच गेला. त्यांनी हात पुन्हा ताठ केला, पुन्हा वाकवला. "म्हंजी हात ताठ झाला की दोन सांधे येकच काम करत्यात," ते म्हणाले. "मग येक सांधा फुकट गेला."

मी वहीकडे धावले. रोबोटच्या मनगटात पाचवा सांधा मधला. तो सरळ झाला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात आणि दोघंही एकच काम करू लागतात. अशा वेळी टॉर्चला किंचित वळायचं असलं तरी चौथ्याला प्रचंड वेगानं गिरकी घ्यावी लागते. तेवढा वेग त्याला झेपत नाही. हे पुस्तकात वाचलं होतं, पण परीक्षेपुरतं. त्या दुपारी ते माझ्या अंगात शिरलं.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमधल्या कॉम्प्युटरवर सगळी गणितं भरली आणि आधीचेच पॉइंट धरून जोडाच्या प्रत्येक सेंटिमीटरला पाचवा सांधा किती वाकलेला असेल त्याचा आलेख काढला. रेघ खाली खाली येत गेली आणि अठ्ठावन्न सेंटिमीटरला जवळजवळ शून्याला टेकली. मी टेप घेऊन वेल्डिंगच्या शेडमध्ये गेले आणि जोडाच्या सुरुवातीपासून खडूच्या रेघेपर्यंतचं अंतर मोजलं. अठ्ठावन्नला दोन मिलिमीटर कमी. मशीनला हात न लावता, नुसत्या कागदावर, ते कुठं अडखळणार हे मी सांगू शकत होते.

उपाय मला सोपा वाटला. टॉर्च थोडी तिरकी धरायची, म्हणजे पाचवा सांधा सरळ होणारच नाही. तसं केलं. गिरकी गेली, जोड एका दमात पूर्ण झाला. मी खूश. मामांनी त्या जोडाचा एक तुकडा कापून आणला आणि माझ्यापुढे धरला.

"वरनं गोड दिसतोय. आत बघा. धातू जोडात उतरलाच न्हाई."

खरंच उतरला नव्हता. त्या जोडाला टॉर्चचा कोन ठरलेला होता, तो सोडून चालणार नव्हतं. मामा काही वेळ चौकटीभोवती फिरले. वेल्डिंगचा जॉब, म्हणजे सांगाडा, आम्ही याच लोखंडी चौकटीत पकडून ठेवायचो.

"आमाला अवघड जागा आली तर आमी काय करतो? आमी वाकडं न्हाई होत, जॉब वाकडा करतो. टॉर्च आन् जॉब दोनी येकाच अंगानं कलवा. कोन तसाच ऱ्हाईल. आन् तुमचा त्यो पाचवा बी वाकंल."

हे मला सुचलं नव्हतं. "किती कलवू शकतो, मामा?"

"बारा-तेरा डिग्री. त्याच्या वर गेलात तर लोखंडाचा रस वघळंल."

मी परत कॉम्प्युटरवर. सहा अंशांनी भागत नव्हतं. नऊलाही गती मर्यादेला घासून जात होती. बाराला आलेखाची रेघ शून्यापासून चांगली वर राहिली. मामांनी मापानं पाचरी कापल्या आणि चौकटीच्या एका बाजूखाली बसवल्या. मी बिंदू नव्यानं शिकवले.

साहेब आले, शेजारच्या लाइनवरची माणसंही येऊन उभी राहिली. मी बटण दाबलं. टॉर्च पेटली, हात निघाला. चाळीस, पन्नास. मामा काळ्या काचेतून बघत होते. खडूची रेघ आली आणि मागं पडली. मनगट झोपेत कूस बदलावी तितकं हळू वळलं, आणि टॉर्च शेवटच्या बिंदूवर जाऊन विझली.

मामांनी तुकडा कापला, घासला, उजेडात धरला. मग तो साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्या हाताचाच हाय."

त्या दिवशी परतीच्या एसटीत आम्हाला बसायला जागा मिळाली नाही. तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार होता, पाट्या, पिशव्या, माणसं. दांड्याला लोंबकळत मामांनी विचारलं, "म्याडम, चौकट दरवेळी पाचरी लावून कलवायची त्यापेक्षा फिरतीच केली तर? मोटर लावून?"

"मग तो सातवा सांधा होईल, मामा. त्यालाही गणितात घ्यावं लागेल."

"घ्या की."

तळेगाव मागं पडलं तसं मी एका हातानं पिशवीतली वही काढली, आणि शेजारच्या बाईंच्या पाटीच्या काठावर टेकवून सातव्या सांध्याची पहिली ओळ लिहिली.